आरटीई पोर्टल : भाडेकराराच्या आधी हा नकाशा बघा

लहान मुलं असलेली कोल्हापुरातली मंडळी पाण्यानंतर शाळेचंच विचारून घर ठरवतात. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, खासगी शाळांतल्या 25 टक्के मोफत जागांसाठी अर्ज भरायचं हे पोर्टल त्या कामाला उपयोगी, पण लहरी.

खरी मेख नकाशावर आपलं घर दाखवणाऱ्या लोकेशनच्या फुग्यात आहे. पत्ता टाकला की तो भलत्याच गल्लीत जाऊन बसतो. झूम करून आपल्या दारावर ओढा, मगच सेव्ह करा. पडताळणीत पत्ता जुळला नाही तर सोडतीत लागलेला नंबरही जातो. घर ते शाळा अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेत, धरतात, त्यामुळे रंकाळ्यापलीकडची शाळा जवळ दिसते. रिक्षा मात्र तळ्याला वळसा घालूनच जाणार! शाळा जास्तीत जास्त 10 निवडता येतात.

भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा हवा. नुसता नोटरीचा कागद चालत नाही, आणि घरमालक नेमके इथेच कां-कूं करतात. आधी विचारा, मग डिपॉझिट द्या.

सोडतीवर विसंबून महागड्या भागात घर घेणं मला पटत नाही. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, तोही पर्याय तपासा.

पाचपैकी तीन.