पंचवीस रुपयांचा अर्ज

गेल्या मे महिन्यात माझे ८७,५०० रुपये गेले. शरमेने आजवर कुणाला बोललो नव्हतो. पण परवा आमच्याच सोसायटीत एकांना तसाच फोन आला, म्हणून लिहितोय.

सकाळी अकराचा सुमार. "काका, मिळकतकर विभागातून बोलतोय. वडगावचा फ्लॅट तुमच्याच नावावर ना?" नाव, मिळकत क्रमांक, बिलाची रक्कम त्याने घडाघडा सांगितली. (आमच्याकडे बिलं जिन्याखालच्या उघड्या पेटीत चार-चार दिवस पडून असतात, हे मला फार उशिरा सुचलं.) पुढे म्हणाला, "जीआयएस सर्वेक्षणात तुमचं घर भाड्याने दिल्याची नोंद झालीय. ४० टक्के सवलत जाणार. मागचा फरकही भरावा लागेल."

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मालक स्वतः राहत असेल तर घराच्या मिळकतकरात ही सवलत १९७० पासून आहे. २०१९ मध्ये ती बंद झाली, २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा सुरू केली. जीआयएस, म्हणजे मिळकतींची नकाशावर नोंद करणाऱ्या सर्वेक्षणानंतर खरोखरच हजारो घरांची सवलत गेली होती, लोकांना फरकाची बिलं आली होती. ती परत मिळवायला पीटी-३ नावाचा अर्ज, तिथे राहत असल्याचा पुरावा आणि २५ रुपये द्यावे लागत. हे सगळं मी पेपरात वाचलेलं. त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द मला पटत गेला. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला मी दोन वाक्यांत वाटेला लावतो हो, पण हा माणूस माझ्याच बिलातलं बोलत होता!

"कार्यालयात रांग आहे काका, मी अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो." आली ती पीडीएफ नव्हती, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं. म्हणजे अर्ज नव्हे, अख्खं अ‍ॅप. उघडताना फोनने बजावलं की हे अनोळखी ठिकाणाहून आलंय. "सरकारी अ‍ॅपला असं येतंच," इति तो. मग अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी दिली. पुढच्या पानावर महापालिकेचं बोधचिन्ह, खाली २५ रुपये. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आणि एटीएमचा पिनसुद्धा. पंचवीस रुपयांसाठी पिन कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. फोन चालूच होता, "सर्व्हर स्लो आहे" म्हणत तो मला बोलण्यात गुंतवून ठेवत होता.

तेवढ्यात ४९,५०० आणि ३८,००० असे दोन व्यवहार झाले. ओटीपी आले असणार, पण मेसेज त्या अ‍ॅपनेच गिळले, मला एकही दिसला नाही. संध्याकाळी पेट्रोल पंपावर कार्ड चालेना तेव्हा कळलं.

घरी आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी आधी व्यवहारांचे क्रमांक मागितले, तेव्हा बँकेचं स्टेटमेंट हाताशी असू द्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, वाटेत गाठले तर थोपवता येतात. माझे ११,२०० अडकले, बाकीचे तोवर पुढे गेले होते. अकरालाच कळलं असतं तर... असो. बँकेने रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं. ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार नाही, पण पिन स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. वाद घालायला तोंडच नव्हतं. फोनमधलं सिम काढून ठेवायचं, कार्ड बंद करायचं, फोन पूर्ण पुसायचा, हे भाच्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हिचं एकच म्हणणं, "अहो, त्यापेक्षा रांगेत उभे राहिला असता." आठवड्याने वीजबिल, रेशनकार्ड घेऊन खरंच क्षेत्रीय कार्यालयात गेलो, म्हटलं निदान तो अर्ज तरी भरू. खिडकीतल्या बाईंनी बिल पाहिलं, संगणकात पाहिलं आणि परत दिलं.

"तुमची सवलत चालूच आहे की, काका. अर्ज कशाला भरताय?"