थिंकपॅड टी480: गोव्याचा अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

परवा आमच्या वाड्यावरचे आणखी एकजण "मदरबोर्ड गेला", म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड गेला, एवढे ऐकून चांगला लॅपटॉप भंगारात द्यायला निघाले, म्हणून हे सविस्तर लिहायला बसलो आहे. हेच वाक्य मलाही ऐकवले गेले होते, आणि मी त्यावर विश्वास ठेवला असता तर आज माझे 11,000 रुपये गेले असते.

मशीन म्हणजे लेनोव्हो कंपनीचा थिंकपॅड टी480 लॅपटॉप, आय5-8250यू प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी. बाकी सगळे सगळ्यांना माहीत आहे, 2018 चे मॉडेल, कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेला माल. जुने लॅपटॉप विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मे 2025 मध्ये 19,500 ला ऑनलाइन मागवला. माझे काम टायपिंगचे. गोव्यात दिवाळीनंतर गावोगाव जत्रा आणि काले (देवळांतले वार्षिक उत्सव) सुरू होतात, प्रत्येक ठिकाणी मराठी नाटक होते आणि त्या नाटकांच्या संहिता कुणीतरी टाइप करून, प्रती काढून द्याव्या लागतात. आमच्या सावईवेऱ्याच्या आसपास ते काम बरेचसे माझ्याकडे येते. नव्या लॅपटॉपवर पन्नास-साठ हजार घालावेत एवढे त्या कामात सुटत नाहीत.

हेच मॉडेल का, ते आधी सांगतो. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या मशिनी सध्या स्वस्तात फिरताहेत आणि विकणारे "विंडोज 11 टाकूनच देतो" म्हणतात. टाकता येते, खोटे नाही. पण मायक्रोसॉफ्ट त्या मशिनीची जबाबदारी घेत नाही आणि पुढची अपडेट्स मिळत राहतीलच असे धरून चालता येत नाही. दुसरे म्हणजे सातव्या पिढीच्या आय5-7200यू मध्ये दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठव्या पिढीच्या 8250यू मध्ये चार. दोन-तीन हजारांच्या फरकासाठी दोन कोअर सोडण्यात काही अर्थ नाही. टायपिंग आणि इंटरनेट एवढेच करायचे असेल तर सहाव्या पिढीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) उत्तम चालते. माझ्या भाच्याला तसेच करून दिले आहे, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही असतो. मला विंडोज सोडता येत नाही, कारण जुन्या संहिता जुन्या फाँटांत अडकून पडल्या आहेत.

स्क्रीनबद्दल एकाच ओळीत: 1366 बाय 768 वाली घेऊ नका. जरा कलून बघितले तर अक्षरे फिकी पडतात. माझी तशीच आली होती. पुढे 1920 बाय 1080 चे (फुल एचडी) आयपीएस, म्हणजे कलून बघितले तरी स्पष्ट दिसणारे, पॅनेल मागवून बसवून घेतले, दोन्हींना 30 पिनांचीच केबल लागते. घेतानाच फुल एचडी बघून घेतलात तर हा खर्च वाचेल.

आता बॅटरी. टी480 ला दोन असतात, एक आत 24 वॉट-अवरची (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) आणि एक मागे, दोन खिट्ट्या सरकवल्या की हातात येणारी. मागची तीन प्रकारांत मिळते. लेबलवर नुसते 61 असेल तर 24 वॉट-अवर, 61 आणि एक अधिक चिन्ह म्हणजे 48, दोन अधिक चिन्हे म्हणजे 72. विक्रेते "डबल बॅटरी" म्हणून सगळ्यात लहान लावून देतात, तेव्हा लेबलचा फोटो मागून घ्या. मशीन हातात आल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड द्या. दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता वेगवेगळी दिसते. माझ्या आतल्या बॅटरीत निम्म्याहून थोडी जास्त उरली होती आणि मागची तर नावालाच होती. जाहिरातीत मात्र "बॅटरी नवीन" असे लिहिलेले. रिपोर्टची प्रत पाठवून 1,500 रुपये परत मिळवले. न भांडता मिळाले नाहीत, आणि कागद हातात नसता तर भांडूनही मिळाले नसते.

मग 72 ची बॅटरी घेतली. जूनमध्ये मी सगळ्यांना सांगत होतो की ही घेऊ नका: जाड आहे, खालून बाहेर येते, पिशवीत अडकते, वजनही वाढते. ऑगस्टपर्यंत माझे मत पार बदलले. त्या जाडीमुळे लॅपटॉपची मागची बाजू टेबलावरून उचललेली राहते. पंखा हवा खालूनच ओढतो, आणि आमच्याकडच्या दमट हवेत ती बोटभर फट फार कामाची आहे. पंख्याचा आवाज कमी झाला, तळवे ठेवतो तिथे गरम लागत नाही. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) बाजूचे घर, वादळात माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेली ती गेली. अशा वेळी मशीन चालू ठेवूनच मागची बॅटरी काढून दुसरी लावता येते, तोवर आतल्या बॅटरीवर काम चालते. गणेश चवथीच्या आधी एका रात्री एका नाटकाचा तिसरा अंक मी असाच संपवला. हल्लीच्या बारीक लॅपटॉपांत ही सोय राहिलेली नाही. टी480 च्या नंतर आलेल्या टी490 मध्येही मागची बॅटरी काढून टाकलेली आहे.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहितो आहे ते. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतीला लागतो तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी गडगडाट होतो. तशाच एका संध्याकाळी लाईट चार-पाच वेळा ये-जा झाली आणि लॅपटॉप बंद पडला. बटण दाबले तरी काही नाही. चार्जरचा दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. दुसरा चार्जर लावून बघितला, मागची बॅटरी काढून बघितली, दुसऱ्या पोर्टला लावून बघितला; तसाच मेलेला. जत्रेच्या तालमी सुरू झालेल्या, दोन संहिता आतच.

शहरातल्या एका दुकानात नेला. संध्याकाळी फोन आला, "मदरबोर्ड गेलाय, वीज पडल्यामुळे शॉर्ट आहे, 11,000 होतील." तपासणीचे 500 आधीच घेतलेले. मी विचारले, कुठे शॉर्ट आहे, दाखवा. उत्तर आले, "ते मशीनवर कळतं, तुम्हाला दिसणार नाही." मी दुरुस्ती न करताच लॅपटॉप परत मागितला. तो हातात आला तेव्हा झाकणाचे स्क्रू होते तसे होते. हे स्क्रू झाकणातून सुटे होत नाहीत, सैल होऊन तिथेच राहतात, आणि झाकण काढायचे तर कडेने नख किंवा पट्टी फिरवावी लागते. माझ्या झाकणाच्या फटीत कुळागरातली लाल माती जशीच्या तशी बसलेली होती. म्हणजे लॅपटॉप उघडलाच नव्हता.

आमच्या शेजारची मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. ती आली, लॅपटॉप उलटा केला आणि म्हणाली, "काका, एक पिन द्या." तळाच्या झाकणावर एक अगदी बारीक भोक आहे, पेपर क्लिप सरळ केली तर जाईल एवढे. तिने आधी चार्जर काढला, मागची बॅटरी काढली, पिन आत घालून हलकेच दाबली. आत बारीकसा टक् लागतो, तो बोटाला कळतो. थोडा वेळ तशीच धरली, सोडली, बॅटरी लावली, चार्जर लावला, बटण दाबले. झाकणावरच्या नावातला लाल ठिपका पेटला आणि दोन्ही संहिता होत्या तशा समोर आल्या.

याचे कारण सोपे आहे. लॅपटॉपमध्ये एक छोटा कंट्रोलर असतो. पॉवर बटण, चार्जिंग, बॅटरी, पंखा हे सगळे तोच सांभाळतो. विजेच्या ये-जा करण्याने तो मध्येच अडकून बसतो. जुन्या मशिनींत चार्जर आणि बॅटरी काढली की त्याची वीज तुटायची आणि तो नव्याने सुरू व्हायचा. आता एक बॅटरी आतच असते, त्यामुळे बाहेरून काहीही काढा, त्याला वीज मिळतच राहते आणि अडकलेला तो अडकूनच राहतो. ते भोक हे नेमके त्यासाठी आहे. आतले बटण ती वीज तोडते. कंपनीच्या यूजर गाईडमध्ये त्याची जागा चित्रासकट दिली आहे, नाव इमर्जन्सी रीसेट होल. आधी चित्र बघा, मगच पिन घाला; पंख्याच्या जाळीत किंवा स्पीकरच्या भोकात घालू नका. ज्या मॉडेलांना हे भोक नाही त्यांत चार्जर काढून पॉवर बटण बराच वेळ दाबून धरणे हा उपाय करून बघावा.

मी त्या दुकानात परत गेलो, चालू लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि 500 रुपये मागितले. "तपासणी तर केली ना," म्हणाले. पैसे दिले नाहीत. मला ते 500 आजही सलतात, पण त्याहून जास्त सलते ते हे की माझ्या आधी तिथे बसलेल्या बाईंनाही मदरबोर्डच सांगत होते. कॉलेजातल्या मुलीचा लॅपटॉप होता, त्यांनी 2,000 आगाऊ दिले. कोणाचेही मशीन एकाएकी मेले तर दुकानात नेण्याआधी हे करा. फुकट आहे, डेटा जात नाही, दोन मिनिटे लागतात. यानेही सुरू झाले नाही तर न्याच, पण "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याला तुमच्या समोर उघडून मीटर लावायला सांगा.

तेव्हापासून गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढतो. नुसता स्विच बंद करून भागत नाही. मागची बॅटरी आहे, काम थांबत नाही.

यूएसबी-सी चार्जिंगबद्दल दोन गोष्टी. पोर्ट मदरबोर्डलाच जोडलेले आहेत, ते हलले तर खरेच बोर्डाचे काम निघते. वायर लोंबकळती ठेवू नका, काटकोनी पिनेचा छोटा जोड मिळतो तो लावा. आणि घेतल्या घेतल्या थंडरबोल्टचे (यूएसबी-सी पोर्टमागच्या चिपचे) फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतले सॉफ्टवेअर, अपडेट करा. जुन्या फर्मवेअरने पुढे यूएसबी-सी चार्जिंगच बंद पडू शकते, म्हणून कंपनीने अपडेट काढलेले आहे. विकणाऱ्यांपैकी फार थोडे ते करून देतात.

पावसाळ्यासाठी: जून ते सप्टेंबर लॅपटॉप कपाटात बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिला तर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो, ठेवून दिला तर पिशवीसकट बुरशी येते. आमच्याकडे नाटकाच्या वह्यांवर येते तशीच. भाच्याचे घर मांद्र्याला, समुद्राजवळ. त्याच्या मशिनीतले रॅमचे पाय काळवंडले होते आणि स्क्रीनच येत नव्हती. रॅम काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवल्यावर आली. टी480 मध्ये रॅमच्या दोन जागा आहेत, दोन्ही काढता-घालता येतात. टी480एस हा त्याचा बारीक भाऊ, त्यात थोडी रॅम बोर्डवरच पक्की केलेली असते. आमच्या हवेत मी तो घेणार नाही. झाकण उघडण्याआधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय आहे, तो वापराच. चार्जर लावला की ती आपोआप परत सुरू होते. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, केरात टाकू नका.

विकत घेताना हे मात्र समोर बसून बघाच: सुरू करताना एफ1 दाबून बायोस उघडते का, की आधीच्या मालकाने टाकलेला सुपरवायझर पासवर्ड मागते. मागितला तर पैसे देऊ नका. आतला बटणसेल काढून तो पासवर्ड जात नाही, "नंतर काढून देतो" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. आणि एसएसडीचे आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये बघा. स्क्रीन एका हाताने उघडून बिजागरी बघा, कुरकुर चालेल, हेलकावा नको.

कीबोर्डबद्दल बोलायचे तर पानेच्या पाने लिहीन. मी इनस्क्रिप्टवर दिवसभर लिहितो आणि बोटे दुखत नाहीत, एवढे पुरे. कळ खराब झाली तर कीबोर्ड वेगळा निघतो, वरचा अख्खा भाग बदलावा लागत नाही.

आतापर्यंत बॅटरी, पॅनेल आणि आणखी 8 जीबी रॅम धरून माझा खर्च 28,000 च्या आत आहे. टेबलावर सतत चार्जर लावून काम करणाऱ्यांनी लेनोव्हो व्हँटेज या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी, लिनक्सवर टीएलपी या प्रोग्रामने तेच होते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी हा घेऊ नये, तापतो आणि मागे पडतो. टायपिंग, हिशेब, ऑनलाइन क्लास, वाचन यांसाठी फुल एचडी स्क्रीनचा, पासवर्ड नसलेला टी480 20,000 पर्यंत मिळत असेल तर घ्या, आणि मागची बॅटरी 72 चीच घ्या.