गुप्तलिपीचा संच: शाळेत वर्षभर वापरल्यानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला गणित शिकवतो. गेल्या जूनमध्ये गुप्तलिपी शिकवणारा एक संच ऑनलाइन मागवला. आता वर्ष संपत आलंय, म्हणून सविस्तर लिहितो. आत पुठ्ठ्याच्या एकमेकींवर फिरणाऱ्या दोन चकत्या, कागदाची पट्टी गुंडाळून निरोप लिहायची काठी आणि एक इंग्रजी पुस्तिका आहे. चकती फार आवडली. पुस्तिका अर्धीच कामाची.

ज्युलियस सीझर अक्षरं 3 घरं पुढे सरकवून लिहायचा, तेच ही चकती करते. Z नंतर पुन्हा A, म्हणजे 26 ने भागून उरलेली बाकी. फळ्यावर तासभर बोलून जे डोक्यात शिरत नाही, ते चकती हातात दिली की शिरतं.

खरी मजा आली ती आम्ही मराठी चकती केली तेव्हा. क पासून ळ पर्यंत 34 व्यंजनं घेतली, स्वर आणि काना-मात्रा तशाच ठेवल्या. 5 घरं सरकवल्यावर ‘आहे’चं ‘आघे’ होतं. दर दुसरं वाक्य ‘आघे’नं संपायला लागलं आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं किल्ली (म्हणजे किती घरं सरकवलं तो आकडा) न मागताच सगळा निरोप वाचून काढला. कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून लिपी फोडायची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या लिपी फोडायच्या केंद्रातही संदेशात हमखास येणारे शब्द धरूनच एनिग्मा या जर्मन गुप्तलिपी यंत्राची किल्ली शोधत. एनिग्मातून कुठलंच अक्षर स्वतःच्या जागी बाहेर पडत नसे, याचा तिथे मोठा उपयोग झाला. पुस्तिकेत एनिग्माची चित्रं छान आहेत, पण हे कुठेच नाही!

मग आतल्या चकतीवर कन्नड व्यंजनं लिहिली. तीही 34, क्रमही तोच. आमच्या मुलांना दोन्ही लिप्या येतात, त्यामुळे मराठी निरोप कन्नड अक्षरांत सरकवून लिहायचं वेडच लागलं.

सरकवण्याऐवजी गुणून पाहिलं तर? क ला 0 धरून 2 ने गुणलं, तर क आणि द (17 वा) दोन्ही क वरच येऊन बसतात. निरोप उलगडताच येत नाही. 3 ने गुणलं तर चालतं. का, तर 34 आणि 3 यांचा मसावि 1 आहे. मसावि कशाला शिकायचा, असं त्यानंतर वर्गात कुणी विचारलं नाही.

शेवटचं प्रकरण आरएसएचं, 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेल्या, एक सगळ्यांना सांगायची उघडी आणि एक गुप्त अशा दोन किल्ल्यांच्या पद्धतीचं. ते दोन पानांत उरकलंय आणि गुप्त किल्ली कशी काढायची तेच सांगितलेलं नाही. मी 3 आणि 11 या मूळ संख्या घेतल्या. गुणाकार 33. एकेक कमी करून गुणाकार 20. उघडी किल्ली 3. आता 3 ला कितीनं गुणलं की 20 ने भागून बाकी 1 उरेल? 7. हीच गुप्त किल्ली. निरोप 4 असेल तर 4 चा घन 64, 33 ने भागून बाकी 31, तो पाठवायचा. 31 चा सातवा घात करून 33 ने भागलं की बाकी परत 4. संख्या मोठ्या झाल्या की ‘कितीनं गुणलं’ हे अंदाजानं सापडत नाही. तिथे इ.स. 499 मध्ये आर्यभटानं दिलेला कुट्टक, म्हणजे असा गुणक पायरीपायरीनं काढायची रीत, वापरायचा. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

टिकाऊपणा बेताचाच. आमच्याकडच्या पावसात पुठ्ठा मऊ पडला, मधलं भोक सैल होऊन चकती घसरायला लागली. घेणार असाल तर आल्याबरोबर चकत्यांची झेरॉक्स काढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि टाचणीऐवजी नट-बोल्ट लावा. सातवीच्या खालच्या मुलांसाठी घेऊ नका. नववी-दहावीच्या शिक्षकांनी मात्र जरूर घ्यावा, पण आरएसएसाठी स्वतःची टिपणं तयार ठेवूनच.