लाल शेवाळाशी आठ महिने: पावडर, वेव्हमेकर आणि आरओ-डीआय वापरून आलेला अनुभव

मे महिन्यात एका सकाळी समुद्री माशांच्या टाकीतल्या पांढऱ्या वाळूवर रुपयाएवढा मरून डाग दिसला. आठवड्याभरात तो वीतभर झाला. दिवे लागले की त्यावर बारीक बुडबुडे धरायचे, रात्री तो विरळ व्हायचा आणि दुपारपर्यंत पुन्हा मखमलीसारखा चढायचा. नळीने ओढला की दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा निघायचा. ही सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे टाकीवाले ज्यांना लाल शेवाळ म्हणतात त्या जिवाणूंची, खूण. टाकीत दुसरे सूक्ष्मजीवही असे डाग धरतात: डायनो (डायनोफ्लॅजेलेट) असतील तर शेंबडासारखे तंतू येतात, डायटम असतील तर नुसती तपकिरी पूड उडते. आधी हे ओळखा, उपाय वेगवेगळे आहेत.

माझी टाकी तीन फुटी, 180 लिटरची. दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप. खडक कारखान्यात बनवलेले. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतात, त्यामुळे ते ठेवायचा प्रश्नच नाही.

पहिल्यांदा लाल शेवाळ मारणारी पावडर आणली. वाळू-खडक वजा जाता पाणी 150 लिटरच भरतं, त्या हिशेबाने घातली. फिल्टरमधला कार्बन काढला, स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप काढून ठेवला, एअर पंप लावला. दुसऱ्या रात्री दोन वाजता वीज गेली. मरणारं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. टॉर्च मारून पाहिलं तर दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. एअर पंप इन्व्हर्टरच्या सॉकेटला जोडला आणि पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिलो. सगळे वाचले. पावडर वापरणार असाल तर एअर पंपाला बॅकअप असल्याशिवाय पाकीट उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

48 तासांत वाळू पांढरीशुभ्र झाली. वीस टक्के पाणी बदललं. स्किमर मात्र पुढचे आठ दिवस नुसता फेस ओकत होता. आणि चोविसाव्या दिवशी त्याच कोपऱ्यात तोच मरून डाग! पावडर खोटी नाही, पण ती फक्त शेवाळ काढते. ते का येतं ते तसंच राहतं.

तो कोपरा खडकामागचा, उरलेलं खाणं नेमकं तिथे साचायचं. ताशी 4000 लिटरचा वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) घेतला. सुरुवातीला खाली रोखला तर वाळूत खड्डे पडले, मग तोंड वर करून समोरच्या काचेवर मारा धरला. कोपरा हलायला लागला आणि शेवाळ निम्म्यावर आलं. पाचव्या महिन्यात वेव्हमेकर घरघरायला लागला. आत चुन्याची पुटं चढली होती, पातळ व्हिनेगरमध्ये तासभर भिजवल्यावर पुन्हा शांत झाला. तीन वस्तूंमध्ये पैशाला सर्वांत जास्त जागलेली हीच.

पाण्याचं प्रकरण उशिरा कळलं. मी स्वयंपाकघरातल्या प्यायच्या आरओचं पाणी वापरत होतो. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 500 च्या वर. घरच्या आरओतून ते 70 ला उतरायचं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण अशा बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी आरओच्या पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी मुद्दाम परत मिसळतात. म्हणजे जे काढायचं तेच थोडं थोडं टाकीत जात होतं. आता वेगळं आरओ-डीआय आहे, त्यात आरओनंतर उरलेले क्षार रेझिनचे दाणे धरून ठेवतात; टीडीएस मीटरवर 0 येतं. वाया जाणारं पाणी फरशीला वापरतो. टँकरच्या दिवसांत रेझिन फार लवकर संपतं, तो खर्च धरूनच घ्या.

सर्वांत मोठी चूक मात्र माझ्या समजुतीतली. टेस्टमध्ये नायट्रेट (उरलेलं खाणं आणि विष्ठेतून पाण्यात येणारा क्षार) शून्य आलं की मला बरं वाटायचं. फॉस्फेट मात्र तेव्हा 0.25, म्हणजे जास्त होतं. आमच्या बाबांनी भाताच्या खाचरात नीलहरित शैवालाचं खत टाकलेलं मी लहानपणी पाहिलंय. पाण्यात विरघळलेला हवेतला नायट्रोजन बांधून ते भाताला देतं. सायनोबॅक्टेरिया म्हणजे तेच कूळ! त्यातल्या अनेकांना पाण्यात नायट्रेट नसलं तरी चालतं. उपासमार होते ती त्यांच्याशी जागेसाठी झगडणाऱ्या बाकीच्या सूक्ष्मजीवांची. मग नायट्रेट अगदी शून्यावर जाऊ नये म्हणून स्किमरचा जोर कमी केला, गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन घालायला लागलो, फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे अगदी थोडे लावले. दीड महिन्यात नायट्रेट 5 वर स्थिर झालं, फॉस्फेट 0.08 वर आलं. घाई केली नाही, दर रविवारी नळीने पापुद्रे ओढत राहिलो.

ऑक्टोबरपासून वाळू स्वच्छ आहे. पावडरीचं उरलेलं पाकीट कपाटातच पडून आहे. काल मीटरवर 2 दिसला, म्हणजे रेझिन पुन्हा संपत आलंय. रविवारचं पाणी बदलण्याआधी नवीन भरायचं आहे.