मास्टर्स की ओपन? बडोद्याच्या घड्याळानं

गोल्फची एकच मोठी स्पर्धा जागून बघायची असेल, तर आधी घड्याळ बघा. बडोद्यात बसून बघणाऱ्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

मास्टर्स एप्रिलमध्ये, अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनलवर. तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तिकडे शेवटचा पट, म्हणजे चेंडू खळगीत ढकलणारा हलका फटका, पडतो, तेव्हा इथे सोमवारची पहाट झालेली असते, साडेचार. ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन, जुलैमध्ये युनायटेड किंगडममध्ये, आणि फरक फक्त साडेचार तासांचा. बरोबरी होऊन प्ले-ऑफ झाला नाही तर रात्री साडेअकराच्या आसपास आटोपतं. ज्याला सोमवारी सकाळी मकरपुऱ्यात कामावर उभं राहायचंय, त्याच्यापुरता प्रश्न इथेच संपला. रविवारी शेव उसळ आणायची, बाहेर पाऊस, टीव्हीवरही पाऊस.

तरी नवख्याला मी मास्टर्सच सुचवेन. कारण मैदान. 1934 पासून ती ऑगस्टालाच होते, त्यामुळे दोन वर्षांत अठरा होल, म्हणजे मैदानाचे टप्पे, ओळखीचे होतात, आपल्या गल्लीतल्या वळणांसारखे. बारावा होल जेमतेम 155 यार्डांचा. कागदावर किरकोळ, पण पुढे ओढा आणि वर फिरता वारा. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. 2016 मध्ये जॉर्डन स्पीथ पाच फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या नऊ होलांकडे वळला आणि या एका होलवर दोन चेंडू पाण्यात घालून सात फटके खर्च करून बसला. जिंकला डॅनी विलेट. (पाण्यात गेलेला चेंडू शोधायला उतरू नये, हे मगरींच्या विश्वामित्री नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.) पुढे कुणीही आघाडीवर असो, तो बाराव्याला आला की बघणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो. ही भीती ओळखीतून येते, ती ओपनमध्ये लगेच मिळत नाही.

ओपन वयानं कितीतरी मोठी. 1860 साली प्रेस्टविकला आठ खेळाडूंवर सुरू झाली. मैदान दरवर्षी बदलतं: 2025 ला रॉयल पोर्टरश, 2027 ला सेंट अँड्र्यूज. सगळी समुद्रकाठची, वाळूवरच्या खुरट्या गवताची, खोल बंकरांची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची. इथे खरा गडी म्हणजे वारा. 2002 मध्ये त्या वर्षीची मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून आलेल्या टायगर वूड्सला म्युरफिल्डच्या वादळात शनिवारी 81 फटके लागले. सकाळी खेळून गेलेल्यांना त्याच दिवशी बरं हवामान मिळालं होतं. हा अन्याय की खेळ, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. पण ज्यानं राजवाड्याच्या आवारातल्या मैदानावर स्वतः दोन-चार फटके मारलेत आणि चेंडू भलतीकडे जाताना बघितलाय, त्याला ओपनच जास्त भिडेल.

आपल्या माणसांचं म्हणाल तर ओपनचं पारडं जड. 2023 ला रॉयल लिव्हरपूलवर शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. मास्टर्सला जीव मिल्खा सिंग 2008 मध्ये संयुक्त पंचविसावा.

प्रत्यक्ष जायचं मनात असेल तर दोन्हीकडे तिकिटासाठी सोडतीत नाव घालावं लागतं. मास्टर्सचा अर्ज आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, आणि आत मोबाइल नेता येत नाही. ओपनला मोठ्यांसोबत आलेल्या सोळाच्या आतल्या मुलांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. मुलं घेऊन जाणार असाल तर विचारायलाच नको.

आणि मास्टर्ससाठी रात्रभर जागू नका. मी एकदा जागलो आणि दहाव्या होलला सोफ्यावरच झोपलो. अडीचचा गजर लावा. तोवर आघाडीवरची जोडी साधारण शेवटच्या नऊ होलांना लागलेली असते. आमचे बाबा पहाटे चारला तसेही उठतात, त्यामुळे शेवटच्या होलला चहा आयता मिळतो.