चौथीच्या निरोप समारंभाचं ‘पॅकेज’ : पालकांचे पैसे कुठे आणि कसे अडकतात

मार्च संपत आला की चौथीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप समारंभाची चर्चा सुरू होते. चार वर्षं एका वर्गात बसलेली मुलं आता वेगवेगळ्या शाळांत जाणार, तेव्हा एक दिवस सगळ्यांनी मिळून धमाल करावी, ही इच्छा अगदी खरी असते. अडचण वेळेची. परीक्षेच्या वेळापत्रकामुळे तारीख उशिरा ठरते, त्यात लग्नसराई असल्याने नावाजलेले डेकोरेटर, केटरर आणि साउंडवाले आधीच बुक झालेले असतात. शोधाशोधीला जेमतेम दहा-बारा दिवस उरतात, आणि ठग नेमका याच घाईचा फायदा घेतात.

प्रकार साधारण असा घडतो. इन्स्टाग्रामवर किंवा पालकांच्याच एखाद्या ग्रुपवर जाहिरात येते : फुग्यांची कमान, डीजे, जादूगार, जंपिंग (हवेने फुगवलेली, उड्या मारायची मोठी गादी), नाश्ता, रिटर्न गिफ्ट, सगळं मिळून मुलामागे 600 रुपये. दोन तुकड्यांची 84 मुलं धरली तर 50,400 रुपये होतात. फोन केला की समोरचा ‘आयोजक’ आधी मुलांची संख्या, मग शाळेचं नाव विचारतो आणि म्हणतो, “त्या दिवशी लग्नाची तिथी आहे, तारीख धरून ठेवायची तर निम्मे आजच टाका.” 25,200 रुपये जातात. चार दिवसांनी त्याचा फोन येतो : जादूगाराला आगाऊ दिले नाहीत तर तो दुसरीकडे जाईल, 10,000 पाठवा. आदल्या दिवशी जनरेटरचं डिपॉझिट, 5,000, परत मिळणारे. त्यानंतर फोन बंद. 40,200 रुपये गेलेले असतात आणि उरलेल्या रकमेसाठी तो थांबत नाही.

दुसरा हप्ता पालक का देतात, हे समजून घ्यायला हवं. पहिले पैसे बुडतील ही भीती त्यामागे असते. म्हणून कोटेशनमध्ये ठरलेल्या टप्प्यांबाहेरची कुठलीही मागणी आली, मग ती 500 रुपयांची का असेना, तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दोघा पालकांनी त्या आयोजकाच्या गोदामावर जाऊन धडकायचं. पत्ता नसेल किंवा ‘आत्ता साइटवर आहे’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर विसार गेला असं धरून लगेच दुसरी सोय बघायची.

पण पळून जाणारा ठग हा सोपा प्रकार. जो येतो आणि कमी देतो, तो जास्त पालकांना फसवतो, कारण त्याच्याविरुद्ध बोलायला हातात काही नसतं. कोटेशनवर लिहिलेलं असतं : ‘डेकोरेशन 1, साउंड 1, गेम्स 1, नाश्ता 84’. कमान बारा फुटांची की सहा फुटांची, स्पीकर दोन की चार, जंपिंग किती तास, कशाचाच उल्लेख नाही. आयत्या वेळी वाद घालायला मुलांसमोर कुणाला आवडत नाही आणि तो ते ओळखून असतो. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे संख्या, माप आणि वेळ लिहून घ्यावी : कमान 12 फूट, पडदा 8 बाय 10 फूट, दोन स्पीकर, दोन कॉर्डलेस माइक, जंपिंग 15 बाय 15 फूट, 4 तास, सोबत एक माणूस. सामान किती वाजता पोहोचणार आणि किती वाजता तयार होणार, या दोन वेगळ्या वेळा लिहाव्यात. तिथी असलेल्या दिवशी एकच सेट सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी फिरवतात. चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू होतो तो त्यामुळे.

फुग्यांबद्दल जास्त सावध राहायला हवं, कारण इथे प्रश्न पैशांपेक्षा मोठा आहे. तरंगणाऱ्या फुग्यांत हेलियम भरतात आणि तो महाग असतो. पैसे हेलियमचे घेऊन आत हायड्रोजन भरणारे लोक आहेत. हायड्रोजन पेट घेतो. केकवरची मेणबत्ती, स्पार्कल फटाका किंवा गरम हॅलोजन दिवा जवळ असला की फुग्यांचा झुबका भडकतो आणि मुलं भाजतात. बाहेरून बघून दोन्ही फुग्यांत फरक कळत नाही. ‘गॅसचे फुगे’ हा शब्द कोटेशनमध्ये आला तर तो खोडून साध्या हवेच्या फुग्यांची कमान मागावी. ती स्वस्त पडते, फोटोत तितकीच छान दिसते आणि निश्चिंत राहता येतं.

जंपिंगचंही तसंच. त्यातला ब्लोअर सतत चालू असावा लागतो, वीज गेली की काही मिनिटांत सगळं मुलांच्या अंगावर बसतं. जनरेटर खरोखर लावला आहे का, चारही कोपरे खुंट्यांना किंवा वाळूच्या पोत्यांना बांधले आहेत का, हे मुलं चढण्याआधी बघायचं. जोराचा वारा सुटला की मुलांना खाली उतरवायचं, तास वाया गेला तरी चालेल.

खाण्यात फसवणूक मोजणीत होते. केटरर ताटांवर पैसे घेतो, त्यामुळे कामगारांनी खाल्लेली, पडलेली, दुसऱ्यांदा घेतलेली, सगळी ताटं आपल्या नावावर चढतात. आधी रिकाम्या प्लेटा त्याच्यासमोर मोजून कागदावर सही घ्यावी, शेवटी उरलेल्या मोजाव्यात, वजाबाकी तीच खरी. पावभाजी ठरली असेल तर चौथीच्या 84 मुलांना साधारण 210 पाव आणि 13 किलो तयार भाजी पुरते. हा आकडा लिहून घेतला नाही तर भाजीत पाणी वाढत जातं. आईस्क्रीमच्या कपावर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ आहे का ते वाचा. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, ते स्वस्त असतं, आणि कोटेशनमध्ये मात्र आईस्क्रीमचा दर लावलेला असतो. कप 50 मिलीचा की 100 मिलीचा, हेही ठरवून घ्या. केटररकडे 14 अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून कुणाच्या नावावर आहे हे पाहता येतं.

मुलांना आठवण म्हणून टी-शर्ट द्यायचे असतील तर एक नमुना आणवून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या करून तो आपल्याकडे ठेवायचा. दाखवायला जाड 180 जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं वजन 180 ग्रॅम) सुती शर्ट आणतात आणि गठ्ठ्यात पातळ पॉलिस्टर येतं. या वयाला छातीचं माप साधारण 26 ते 34 इंच असतं. प्रत्येक मुलाचं माप घेऊन यादी द्या, पण यादीत पालकांचे फोन नंबर नकोत.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणखी एक फसवणूक होते. ग्रुपची लिंक इकडेतिकडे गेलेली असते, कुणी अनोळखी माणूस आत येतो, वर्गशिक्षिकेचा किंवा मुख्याध्यापकांचा फोटो डीपीला लावतो आणि ‘वर्गणी या क्यूआरवर पाठवा, जुना बंद आहे’ असा संदेश टाकतो. क्यूआर एकदाच, पालक सभेत, कागदावर द्यावा. तो बदलायचा असेल तर फोन करून सांगावं. पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारं नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नये. आणि पैसे परत मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, त्यामुळे ‘रिफंडसाठी हे स्कॅन करा’ म्हणणारा माणूस चोरच.

प्रत्येक पालकाने आयोजकाला थेट 600 रुपये पाठवणं हा सर्वांत वाईट मार्ग. पैसे बुडाले तर 84 छोट्या तक्रारी होतात आणि 600 रुपयांसाठी कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं खातं वापरता आलं तर उत्तम, नाहीतर दोन पालकांनी मिळून एकाच खात्यात जमा करावं आणि खात्याचा उतारा दर आठवड्याला ग्रुपवर टाकावा. आयोजकाला पैसे द्यायचे ते असे : विसार 20 ते 30 टक्के, सामान येऊन उभं राहिल्यावर 50 टक्के, बाकी कार्यक्रम आटोपल्यावर. केटररला भाजी-किराण्यासाठी आदल्या दिवशी थोडे जास्त द्यावे लागतात, ते रास्त आहे. संपूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला मात्र नाही म्हणायचं.

माणूस खरा आहे की नाही हे कळायला सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे त्याचा येत्या आठवड्यातला एखादा कार्यक्रम विचारून तिथे जाऊन यायचं. पेजवरचे फोटो कुणाचेही असू शकतात. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. ते नाव आणि बँक खात्याचं नाव जुळायला हवं. लहान व्यावसायिकाची जीएसटी नोंदणी नसणं गैर नाही. पण नोंदणी नसताना बिलात 18 टक्के लावणं गैर आहे, कारण नोंदणीशिवाय कर वसूल करता येत नाही.

पैसे गेलेच तर पहिला फोन 1930 या सायबर हेल्पलाइनला, शक्यतो पहिल्या तासाभरात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच गोठवता येते. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच बोलावं, हाताशी 12 अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक ठेवावा आणि बँकेलाही कळवावं. चॅट पुसू नका, रागाने ब्लॉक करण्याआधी त्याचं प्रोफाइल, नंबर आणि क्यूआर यांचे स्क्रीनशॉट घ्या. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली होते. येऊन कमी दिलेल्यांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आदल्या संध्याकाळी आयोजक गायब झाला तरी कार्यक्रम रद्द करू नका, मुलं वाट बघत असतात. शाळेचा माइक आणि स्पीकर मागा. भेळ करा : 84 मुलांना अडीच किलो चुरमुरे, दोन किलो फरसाण, दीड किलो शेव, तीन किलो उकडलेले बटाटे, दोन किलो कांदे, दोन किलो टोमॅटो आणि दोन लिटर चटण्या लागतात. चुरमुरे आधी कालवून ठेवू नका, दहा-दहा मुलांची भेळ जागेवर करा, नाहीतर ती मऊ पडते. एकमेकांच्या सह्या आठवण म्हणून घेण्यासाठी प्रत्येकाला जुना पांढरा शर्ट आणायला सांगा, कापडावरचे दहा मार्कर आणा, आणि शर्टाच्या आत पुठ्ठा घाला म्हणजे शाई पाठीवर उतरत नाही.