घरची पवनचक्की: पात्यांचं सोडा, शेपटीचं बोला

माझ्या घरच्या पवनचक्कीचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, जळला, विक्रेत्याशी भांडण झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर. आजूबाजूला मोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत, तेव्हा वारा आहे का हा प्रश्नच नाही. आषाढात लाईट गेली की लवकर येत नाही, आणि सोलर पॅनेल धुक्यात नावापुरतं उरतं. म्हणून हा खटाटोप.

जुळणी नेहमीचीच: पीव्हीसी पाइपची तीन पाती, व्यास १.८ मीटर, भंगारातली ४८ व्होल्टची हब मोटर (इलेक्ट्रिक गाडीच्या चाकातली, बाहेरून फिरवली की वीज देते), एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर, २४ व्होल्टची बॅटरी. मोटर मात्र बिनगिअरची बघून घ्या. गिअरवालीत क्लच असतो. एका दिशेला ती नुसती मोकळी फिरते, वीज काही येत नाही.

आता कंट्रोलर. डब्यावर ‘सोलर-विंड हायब्रिड’ छापलेलं. सुरुवातीचे काही महिने मी तो चार जणांना घ्यायला सांगितला, इतका बरा चालला. ती शिफारस आज मागे घेतो. बॅटरी भरली की हा डबा सरळ लाइन तोडतो. पॅनेलची लाइन तोडली तर पॅनेलला काही होत नाही. पवनचक्कीवरचा भार काढला की ती उतारावरच्या बैलगाडीसारखी सुटते, व्होल्टेज चढत जातं आणि पहिला बळी कंट्रोलरचाच जातो. जूनमधल्या वादळी रात्री हेच झालं. विक्रेता म्हणतो, “साहेब, वारा जास्त होता, वॉरंटीत बसत नाही.” पवनचक्कीचा म्हणून विकलेला माल वाऱ्यानं जळतो आणि ते वॉरंटीत बसत नाही! पैसे परत मिळाले नाहीत. मला याचा अजून संताप येतो.

त्या रात्री पाती आणि खांब वाचले ते शेपटीमुळे, म्हणजे चक्कीला वाऱ्याकडे वळवणाऱ्या मागच्या पत्र्यामुळे. साताऱ्यातल्या फॅब्रिकेटरनं शेपटीची बिजागरी तिरकी बसवून दिली होती, आणि पात्यांचा मध्य खांबाच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवला होता. वारा वाढला की पाती वाऱ्यापासून तोंड फिरवतात, शेपूट तिरकी वर चढते. वारा उतरला की स्वतःच्या वजनानं खाली येते. ना स्प्रिंग, ना वायर, ना सेन्सर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून हे लागतंच. माझ्या मापाच्या चक्कीवर ४ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात जेमतेम २० वॅट, ८ ला दीडशेच्या पुढे, आणि १२ ला शेपूट नसेल तर मोटरची वाइंडिंगच जाईल. बेट्झच्या हिशेबानं कुठलीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती काढू शकत नाही. घरच्या चक्कीत त्याच्या निम्मी मिळाली तरी मी खूश आहे. लोक पात्यांच्या पीळावर रात्री जागवतात, बिजागरीवर कुणी बोलत नाही, याचं मला नवल वाटतं.

नवा कंट्रोलर डम्प लोडवाला घेतला. बॅटरी भरली की वीज जुन्या हिटरच्या कॉइलकडे वळते. चक्कीवर भार कायम राहतो. कॉइल भिंतीपासून लांब, पत्र्यावर ठेवा, ती लाल होते. शिवाय चक्की थांबवायला मोटरच्या तिन्ही वायरा एकत्र शॉर्ट करणारा स्विच खाली लावलाय, पण तो वारा मंद असतानाच दाबायचा.

दिवाळीनंतर इथला वारा पडतो, तेव्हा घर सोलरवर चालतं. सोलर आणि चक्कीचे कंट्रोलर वेगळे ठेवा, बॅटरी एकच चालेल. आणि मे महिन्यातच खांब आडवा करून बिजागरीत ग्रीस भरा. इथल्या पावसात ती गंजून अडकली, तर शेपूट असून नसल्यासारखी.